पाच-दहाची खाच

मी काच फुंकतो.
ग्रोनिंगेनला, विद्यापीठाच्या तळघरात, एकोणीस वर्षं.
वर काय शिजतंय ते मला
खाली आलेल्या फुटक्या भांड्यांवरून कळतं.

अकरा आठवडे वित्स्केचं एकही भांडं फुटलं नाही
तेव्हाच शंका आली.
काम अडलेलं माणूस भांडी फार जपून धुतं.

तिचा रेणू: दोन हात, मध्ये एक सांधा.
जांभळा उजेड पाजला की सांधा वळतो,
हात समोरासमोर येतात
आणि एवढ्या द्रावणातून एकालाच मिठीत घेतात,
क्लोराइडला, म्हणजे मिठातल्या अर्ध्याला.
शेजारी ब्रोमाइड उभा, त्याच घराण्यातला,
अंगाने किंचित थोराड.
त्याला जागा नाही.
ओळख नाही, वशिला नाही, रागलोभ नाही,
मापात बसला तो बसला.
मग पिवळा उजेड दाखवायचा.
मूठ उघडते, मीठ सुटतं.

कागदावर इतकं सोपं.
अंधारात मात्र त्याने धरून ठेवायचं होतं
सकाळी आपण येईपर्यंत,
मिठाला जागून.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि हिची रोज पहाटे रिकामी!
आलेख रात्रभर सपाट, इथल्या जमिनीसारखा,
आणि पाच वाजून दहा मिनिटांनी
एक खाच.
शनिवारी नाही. रविवारी नाही.

"रेणूला कुठला आलाय रविवार?"
वित्स्के म्हणाली, आणि हातातला चीजचा पाव
तिने तसाच डब्यात ठेवला.

बुधवारी रात्री आम्ही तिथेच बसून राहिलो.
दिवे बंद. खिडकीला काळं कापड.
तिच्या थर्मासमधली कॉफी तीन वाजता संपली,
बोलणं त्याच्या आधीच.

पाच-दहाला दार उघडलं.
लेतेब्रहान. बादली, फडकं,
आणि तिच्या पाठीमागे वऱ्हांड्यातला तो दिवा,
माणूस हललं की पेटणारा.
उजेडाची एक पट्टी फरशीवरून सरकत
यंत्राच्या झाकणावर चढली.
तिथे एक तडा आहे. जमिनीखालचा गॅस उपसून उपसून
मार्चमध्ये इमारत हलली, तेव्हाचा.
वित्स्केने तो चिकटपट्टीने बुजवला होता,
पारदर्शक चिकटपट्टीने.
अकरा आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्याही. काचवाल्याच्या.

मला हसू आलं. लेतेब्रहान दचकली.
"माझ्या हातून काही मोडलं?"
वित्स्केने तिला स्टुलावर बसवलं, पडदा दाखवला,
हाताची ओंजळ करून, मिटून, उघडून सांगितलं,
तिला इथली भाषा येऊन चारच वर्षं झालीत म्हणून
सावकाश, लहान वाक्यांत.

तिने एकच विचारलं:
"सोडलेलं मीठ जातं कुठे?"

वित्स्के थांबली. "कुठेच नाही.
तिथेच असतं. पाण्यात."

"आमच्या बोटीवर दिवा पडला होता," लेतेब्रहान म्हणाली,
"पांढरा. रात्री, समुद्रात, सगळ्यांवर एकदम.
उचललं मात्र एकेकाला.
माप कुठलं लावलं, मला अजून माहीत नाही."

यंत्राचा पंखा चालू होता.
वित्स्केची ओंजळ अजून तशीच, अर्धी उघडी,
तिला ती कुठे ठेवावी कळेना.

मग लेतेब्रहान उठली, फडकं पिळलं,
आम्हाला पाय वर घ्यायला सांगितलं.
"जपून, ओलं आहे."

मी दुसऱ्या दिवशी नवं झाकण केलं,
तपकिरी काचेचं, जाड, बाहेरून काळा रंग दिलेलं.
शुक्रवारचा आलेख सपाट आला,
इकडून तिकडे एकसारखा.
वित्स्के खूश दिसली नाही.
पाच-दहाच्या जागी तिने
पेन्सिलने एक बारीक रेघ ओढली
आणि ती का, हे लिहिलं नाही.

आज सकाळी वरून खोकं आलं.
दोन चंचुपात्रं, एक नळी,
सगळी फुटलेली.